चिंचनाक्यावरून रोज जाणारे येरुणकर

भिकाजीराव येरुणकरांनी सायकल घेतली ती साखर वाढली म्हणून, आणि चिंचनाक्यावर सायकलींसाठी वेगळी मार्गिका हवी असा अर्ज करायचं ठरवलं ते नाक्यावर मासळी विकणाऱ्या साळूबाईच्या बोंबलांच्या पाटीत बसावं लागलं म्हणून. अर्जाच्या मसुद्यात त्यांनी ही दोन्ही कारणं लिहिली नाहीत. मसुद्यात पर्यावरण लिहिलं.

चिंचनाका म्हणजे महाडातून औद्योगिक वसाहतीकडे जाणारा रस्ता जिथे जुन्या महामार्गाला मिळतो ती जागा. सकाळी सात वाजता तिथे पहिल्या पाळीच्या मोटारसायकली, कंपन्यांच्या बसगाड्या, ॲसिडचे टँकर, वरंध घाट उतरून आलेली एसटी आणि ‘रायगडच्या रोपवेला कुठून जायचं हो?’ असं काच खाली करून ऐन मधोमध विचारणाऱ्या पुण्याच्या मोटारी एकाच वेळी येतात, आणि त्यातलं कुणीही दुसऱ्याला आधी जाऊ देत नाही. या गर्दीत पिवळं जाकीट, पिवळं हेल्मेट आणि हँडलला जेवणाचा डबा अशा थाटात भिकाजीराव उतरले. नवव्या दिवशी एका मोटारसायकलीचा आरसा त्यांच्या कोपराला लागला आणि ते थेट पाटीत बसले. इजा काही झाली नाही. पण औषधांच्या कंपनीत गुणवत्ता तपासणी विभागाचा प्रमुख असलेल्या माणसाच्या आसपास दिवसभर कुणी फिरकू नये आणि शिपायाने न सांगता सगळ्या खिडक्या उघडाव्यात, हे मनाला लागतंच.

शेजारचे बुद्धरत्न गायकवाड हायस्कुलात विज्ञान शिकवत. ते म्हणाले, “येरुणकर, अर्ज एकट्याने करायचा नसतो. एकट्याचा अर्ज म्हणजे तक्रार. समितीचा अर्ज म्हणजे जनभावना.” म्हणून समिती झाली. अध्यक्ष भिकाजीराव, सचिव गायकवाड. सदस्य पुढे मिळतील असं ठरलं.

मग शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात जाहीर सभा झाली. बाकं लहान मुलांची असल्यामुळे सगळी वडीलधारी मंडळी गुडघे हनुवटीला लावून बसली होती आणि त्यामुळे आधीच चिडलेली होती. नाक्यावर टायरचं दुकान असलेले सदूशेठ सर्वांत आधी उठले. मार्गिका झाली तर ती त्यांच्या जुन्या टायरींच्या थप्प्या आणि गिऱ्हाइकांचे ट्रक जिथे उभे राहतात नेमकी तिथूनच जाणार होती.

“सायकली हायेत किती नाक्यावर?” सदूशेठ म्हणाले. “मी दिवसभर तिथंच बसतो. मोजून अकरा. त्यातल्या दोन माझ्या दुकानात पंक्चर पडल्यात.”

“मार्गिका आखली की लोक त्यात भात वाळत घालतील,” मागून कुणीतरी म्हणालं.

“आणि उन्हाळ्यात सुकी मासळी.”

“मासळीचं काही बोलू नका,” गायकवाड घाईने म्हणाले.

“ते राहू दे,” सदूशेठ म्हणाले. “ही अध्यक्षांची हौस किती दिवसांची, ते बघू. महिन्याभरात सायकल गच्चीवर आणि त्यावर कपडे वाळत.”

भिकाजीराव उठले. बाकावरून उठायला त्यांना दोन प्रयत्न लागले, आणि त्या दोन प्रयत्नांत त्यांचा राग दुप्पट झाला. “मी रोज जाणार!” ते म्हणाले. “ऊन असो, धुकं असो, येरुणकर सकाळी सातला चिंचनाक्यावरून सायकलनेच जाणार! एक दिवस चुकला असं कुणी दाखवलं, तर त्याच दिवशी अर्ज मागे घेईन!”

टाळ्या झाल्या. सदूशेठनीही वाजवल्या, पण ज्या संथपणे वाजवल्या, त्यावरून ते आता रोज सातला दुकानाच्या पायरीवर बसणार हे उघड होतं.

त्यानंतरच्या चौथ्या दिवशी सावित्री नदीवरून असं धुकं आलं की हँडलच्या पलीकडे काही दिसेना. भिकाजीराव नाक्याच्या मधोमध होते. डाव्या बाजूला काहीतरी मोठं, ओलं आणि थंड सरकायला लागलं. तो टँकर होता, आणि तो वळत होता. त्याची लांबलचक पाठ भिकाजीरावांच्या कोपरापासून वीतभर अंतरावरून सरकत राहिली. संपेचना. चालकाने त्यांना पाहिलंच नव्हतं. ते ओरडलेसुद्धा नाहीत, कारण तोंड उघडलं तर तेवढ्यानेही धक्का लागेल असं त्यांना वाटलं. टँकर गेला. पण दुपारी प्रयोगशाळेत त्यांनी एकच नळी तीनदा तपासली आणि तिन्ही वेळा नोंद करायला विसरले.

दुसऱ्या दिवसापासून भिकाजीरावांनी एक व्यवस्था केली. तिला फसवणूक म्हणणं त्यांना मान्य नव्हतं. सकाळी घरातून ते सायकलवरच निघत, पिवळं जाकीट घालून, बायकोला, दर्शनाबाईंना, हात करून. दोन गल्ल्या पुढे एक बंद पडलेली भातगिरणी होती. तिच्या मागच्या पडवीत ते सायकल खांबाला साखळीने बांधत, जाकीट आणि हेल्मेट पिशवीत कोंबत आणि नदीकडच्या थांब्यावर जाऊन कंपनीची बस पकडत. नाका आला की बुटाची नाडी बांधायला वाकत. संध्याकाळी हेच उलट. अर्ज मंजूर होईपर्यंतच असं करायचं, एकदा मार्गिका झाली की मग आपण आहोत आणि सायकल आहे, असं त्यांनी मनाला बजावलं होतं. सदूशेठ विचारतीलच, तेव्हा ‘धुक्यात तुम्हाला दिसलो नसेन’ हे उत्तरही तयार होतं.

सदूशेठनी काही विचारलंच नाही.

आठवड्याने रविवारी भिकाजीराव ठकूबाईच्या टपरीवर चहाला गेले. ठकूबाईची टपरी नाक्याला लागूनच. तिने चहा देता देता विचारलं, “काय वो भाऊ, रागावलात काय? परवा हाक मारली तर मान पण वळवली नाय.”

“परवा? कधी?”

“सकालच्याला. तुमच्या टायमाला. टँकरच्या म्होरनं गेलात ना? माझ्या काळजाचं पाणी झालं, आणि तुम्ही आपले चाललाव, देवळात चालल्यासारखे.”

भिकाजीरावांना पहिल्यांदा आनंदच झाला. माणसाचं नाव एकदा झालं की तो नसतानाही लोकांना दिसतो, हे ते ऐकून होते. बिनसाखरेचा चहा त्यांना त्या दिवशी गोड लागला.

पण मग रोजच काहीतरी यायला लागलं. कंपनीच्या फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, “साहेब, आज मी येताना तुम्ही नाक्यावर सायकलवर माझ्या पुढे होता, मग बसमधून कसे उतरलात?” पोलादपूरहून येणारा एक सहकारी म्हणाला, “येरुणकर, तुमचा तोल काय सुरेख आहे हो, एक हात सोडून चालवता!” भिकाजीरावांनी जन्मात एक हात सोडून सायकल चालवली नव्हती. आणि दर्शनाबाईंनी जेवताना जे सांगितलं ते तर फारच झोंबलं.

“मासळी बाजारात सगळ्या बायका तुमचं नाव काढतात. येरुणकर रस्त्यात थांबून म्हाताऱ्यांना पलीकडे नेतात म्हणे. हसून बोलतात म्हणे.” त्यांनी आमटी वाढली. “घरी मात्र तोंड उघडत नाही.”

“कोण सांगतं?”

“सदूशेठची आई. तिचा हात धरून तुम्ही तिला दुकानापर्यंत सोडलंत. म्हणाली, भावाचा हात लई गार, त्याला स्वेटर विणून दे.”

भिकाजीरावांनी घास खाली ठेवला. त्या दिवशी, त्या वेळी, ते बसमध्ये वाकून नाडी बांधत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नाडी बांधली नाही. बस नाक्यावर थांबली तेव्हा ते ताठ बसून खिडकीबाहेर बघत राहिले. धुकं विरळ होतं. सदूशेठ पायरीवर होते, ठकूबाईच्या टपरीतून वाफ येत होती. आणि बसच्या पुढच्या चाकाजवळून एक सायकल सावकाश पुढे गेली. पिवळं जाकीट. पिवळं हेल्मेट. हँडलला डबा. पाठ किंचित डावीकडे झुकलेली. भिकाजीरावांच्या खांद्याचं जुनं दुखणं आहे, त्यामुळे त्यांचीही तशीच झुकते. त्यांनी मांडीवरच्या पिशवीत हात घातला. जाकीट आत होतं. डबा आत होता, अजून कोमट. बाहेरच्या माणसाने एक हात सोडून सदूशेठना नमस्कार केला, आणि सदूशेठ चक्क उभे राहिले. मग मध्ये एक टँकर आला, आणि तो गेला तेव्हा तिथे फक्त रस्ता होता.

“काय झालं, साहेब? घाम आला,” शेजारचा म्हणाला.

“साखर,” भिकाजीराव म्हणाले.

माणसाला अशा वेळी काहीतरी खात्रीचं, कागदावरचं हवंसं वाटतं. म्हणून भिकाजीराव अर्धी रजा टाकून संबंधित कार्यालयात गेले. मार्गिकेचा मूळ अर्ज अजून त्यांच्या टेबलाच्या खणातच होता. जागेचा नकाशा, दुकानदारांचं ना-हरकत पत्र आणि सायकलस्वारांच्या सह्या जोडायच्या राहिल्या होत्या. हे सगळं कुठे मिळतं एवढंच विचारायला ते गेले होते.

“पुन्हा कशाला आलात?” खिडकीतले कारकून म्हणाले. “मंगळवारी सगळं देऊन गेलात की.”

“मी?”

कारकुनांनी फाइल पुढे सरकवली. नकाशा होता, तीन प्रतींत. सह्या होत्या. ना-हरकत पत्र होतं आणि त्यावर खुद्द सदूशेठचा शिक्का होता. खाली ‘भि. गो. येरुणकर’ अशी सही होती, त्यांच्याच वळणाची, फक्त जरा जास्त ठाम. भिकाजीराव अर्ज वाचू लागले. वाचता वाचता भीतीच्या खालून एक वेगळीच कळ वर आली. अर्ज फार चांगला होता. पर्यावरणाचा एकदाही उल्लेख नव्हता. ‘या नाक्यावर सकाळी जाणाऱ्या माणसाला संध्याकाळी परत येता यावे, एवढीच विनंती आहे,’ असं पहिलं वाक्य होतं. शिवाय भिकाजीराव आजवर जो ‘सायकलस्वार’ शब्द ‘सायकलस्वर’ असा लिहीत आले होते, तो इथे सगळीकडे बरोबर होता.

“तुमच्यासारखा अर्जदार पाहिला नाही,” कारकून म्हणाले. “तीन तास रांगेत उभे होतात, एका शब्दाने बोलला नाहीत. गुरुवारी आमच्या मॅडम पाहणीला येतील. सायकल घेऊन हजर राहा, चालवून दाखवायची आहे.”

मंगळवारी भिकाजीराव दिवसभर प्रयोगशाळेत होते. हजेरीच्या अंगठा-यंत्रात तशी नोंद होती. ती त्यांनी तीनदा पाहून घेतली.

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यांनी गायकवाडांना भातगिरणीमागे नेलं आणि सगळं कबूल केलं. गायकवाडांनी शांतपणे ऐकलं. “पिवळी जाकिटं सगळी सारखी दिसतात,” ते म्हणाले. “समूहाच्या नजरेला हवं ते दिसतं. अर्ज तुम्ही दिलात आणि विसरलात. साखर वाढली की विसरायला होतं. आपण प्रयोग करू.” त्यांनी खिशातून शिवणाचा काळा दोरा काढला, मागच्या चाकाच्या आऱ्यांतून खांबाला गुंडाळला आणि वर सातवीच्या प्रगतिपुस्तकांच्या गठ्ठ्याला मारतात तशी गाठ मारली. कुलूप भिकाजीरावांनी लावलं. किल्ली गायकवाडांनी घेतली.

संध्याकाळी दोघं परत आले. दोरा होता तसाच होता. गाठ तीच. कुलूप बंद.

“बघा,” गायकवाड म्हणाले.

भिकाजीराव चाकाकडे बघत होते. दोन्ही टायरींना चिखल होता, ओला, तांबडा. पडवीत सगळीकडे तांदळाचा कोरडा कोंडा होता आणि त्या कोंड्यात सकाळनंतरची एकही रेघ नव्हती. नाक्यावर त्या आठवड्यात जलवाहिनी फुटली होती; तांबडा चिखल सगळ्या गावात फक्त तिथे होता.

“दव,” गायकवाड म्हणाले. मग त्यांनी चिखलाला बोट लावलं, वास घेतला, आणि ते बोट बराच वेळ रुमालाने पुसत राहिले. “येरुणकर, हे कुणाला सांगू नका. मी विज्ञान मंडळाचा अध्यक्ष आहे.”

गुरुवारी सात वाजता चिंचनाक्यावर निम्मं गाव जमलं होतं. धुकं इतकं होतं की जमलेली माणसं टप्प्याटप्प्याने दिसत. अभियंता रूपाली मॅडम हातात मोजायची फीत घेऊन उभ्या होत्या. भिकाजीराव सायकल हातात धरून चालत आले. रात्रभर विचार करून त्यांनी एक निर्णय घेतला होता, आणि तो विरघळायच्या आत त्यांनी बोलून टाकला.

“मॅडम, मला काही सांगायचं आहे. मी दीड महिना या नाक्यावरून सायकल चालवलेली नाही. टँकरला घाबरून मी बसने जातो. सायकल भातगिरणीमागे असते. सभेत शब्द दिला होता, तो मोडला. अर्ज मागे घेतो.”

मग सदूशेठ हसले. त्यांच्या मागे सगळे हसले.

“मॅडम, हे असेच आहेत,” सदूशेठ म्हणाले. “मोठेपणा घ्यायचाच नाय. मी स्वतः रोज पायरीवर बसतो. चुकतात का ते बघायला बसलो होतो, खोटं कशाला बोलू. एक दिवस चुकले नायत. माझ्या आयशीला हात धरून आणली यांनी. म्हणून तर शिक्का दिला मी.”

“मी पण बघतंय रोज,” ठकूबाई म्हणाली. “भाऊ, असं का बोलताव? नजर लागली काय कुणाची?”

“अहो, पण तो मी नाही!” भिकाजीराव ओरडले. “गायकवाड, सांगा ना!”

गायकवाड धुक्याकडे बघत राहिले.

“येरुणकर साहेब,” रूपाली मॅडम नम्रपणे म्हणाल्या, “मला अकराला दुसरी पाहणी आहे. एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवून दाखवता?”

स्वतःविरुद्ध दिलेली साक्ष फेटाळली जाण्यासारखा अपमान नाही. भिकाजीराव सायकलवर बसले. पहिलं दहा पावलांचं अंतर गेलं, मग मागची माणसं पुसली गेली, आणि ते त्याच पांढऱ्या पोकळीत आले जिथे दीड महिन्यापूर्वी होते. आवाज नव्हता. मग डावीकडून तो थंड, ओला श्वास आला. टँकर. वळत होता. भिकाजीरावांनी दोन्ही हातांनी दोन्ही ब्रेक दाबले आणि ते जागच्या जागी, एक पाय टेकून उभे राहिले. पुढे जायचं, मागे जायचं, काहीच सुचेना.

त्यांच्या अगदी पाठीमागे सायकलची घंटी वाजली.

दोनदा वाजली, घाई नसल्यासारखी. आपल्या मागे कुणीतरी आहे आणि त्याला जायचं आहे, एवढंच त्यांना कळलं. आणि जन्मभर रांगेत सभ्यपणे बाजूला झालेल्या माणसाच्या सवयीने ते उजवीकडे झाले. दोन पावलं. क्षणापूर्वी ते जिथे उभे होते तिथून टँकरची मागची चाकं कुरकुरत गेली. चालकाने आता घंटी ऐकली होती, टँकर थांबला. त्याने खिडकीतून डोकं काढलं आणि म्हणाला, “जा काका, जा तुम्ही आधी.”

भिकाजीरावांनी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. ओल्या रस्त्यावर त्यांच्या चाकाची रेघ होती आणि तिला चिकटून, बोटभर अंतरावर, दुसरी. दुसरी रेघ त्यांच्या मागच्या चाकापाशी येऊन थांबत होती.

ते निघाले. पलीकडच्या टोकाला पोचले तेव्हा टाळ्या वाजत होत्या. रूपाली मॅडम वहीत लिहीत होत्या. “नेमकं कुठे अडतं ते कळलं,” त्या म्हणाल्या. “घंटी वाजवलीत ते फार बरं केलंत.”

भिकाजीरावांनी आपल्या हातांकडे पाहिलं. दोन्ही अजून ब्रेकवरच होते. बोटं सोडवायला गायकवाडांना मदत करावी लागली.

मार्गिका झाली, तीन महिन्यांच्या चाचणीसाठी, पांढरे पट्टे आणि मध्ये वाळू भरलेली पिंपं. सदूशेठनी टायरी आत घेतल्या आणि मार्गिकेत उभ्या राहणाऱ्या मोटारींवर ते स्वतःच ओरडायला लागले, कारण ओरडण्याची त्यांना आधीपासून आवड होती आणि आता अधिकार मिळाला होता. अकराच्या चौतीस सायकली झाल्या. आणि भिकाजीराव रोज सकाळी सातला खरोखरच सायकलवरून जाऊ लागले. साखर उतरली. ठकूबाईची हाक त्यांना स्वतःलाच ऐकू येऊ लागली. घरी ते बोलूही लागले. भातगिरणीकडे ते परत फिरकले नाहीत, आणि तो विषय गायकवाडांनी किंवा त्यांनी, दोघांनीही पुन्हा काढला नाही.

माघ संपता संपता एका सकाळी भिकाजीरावांना ताप होता. अंग मोडून आलं होतं. घड्याळात सातला दहा कमी होते. एक दिवस नाही गेलं तर काय होतं, असा विचार करून त्यांनी गोधडी डोक्यावर घेतली. दर्शनाबाई केव्हाच उठून मागच्या दारी कामाला लागल्या होत्या. त्यांना सांगायचंही राहून गेलं. डोळा लागणार, तेवढ्यात अंगणातून सायकलचं स्टँड वर केल्याचा खटका ऐकू आला.

मग दर्शनाबाईंचा आवाज. रोजच्यापेक्षा मऊ.

“अहो, थांबा. मफलर तरी घ्या. बाहेर किती धुकं आहे.”

भिकाजीराव गोधडीसकट उठले. पडवीतून, ओटीवरून, पायरी चुकत, धडपडत ते अंगणात आले. फाटक उघडं होतं. दर्शनाबाई फाटकाशी उभ्या राहून रस्त्याकडे हात करत होत्या. चाहूल लागली तशा त्या वळल्या. समोर गोधडीत गुंडाळलेले, अनवाणी, लाल डोळ्यांचे भिकाजीराव उभे होते. दर्शनाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, पुन्हा रस्त्याकडे पाहिलं, आणि कपाळाला आठी घातली.

“इतक्यात परत आलात?” त्या म्हणाल्या. “काय विसरलं?”